मयतीला काय घालावं, किल्ट कसा नेसावा: स्कॉटलंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

ग्लासगोला आल्यावर दुसऱ्याच वर्षी नवऱ्याच्या एका सहकाऱ्याची आई गेली, आणि मी क्रिमेटोरियममध्ये पांढरा सलवार-कुडता घालून गेले. सांगलीत वाढलेल्या बाईला दुःखाचा रंग कोणता हे वेगळं शिकवावं लागत नाही. आत पाऊल टाकलं तर सगळी माणसं काळ्यात, आणि मी काळ्या तिळांत पडलेल्या तांदळाच्या दाण्यासारखी. कुणी काही बोललं नाही. एक आजीबाई सरकल्या, मला जागा दिली आणि स्वतःचा काळा स्कार्फ माझ्या हातात ठेवला. "थंडी आहे," म्हणाल्या. थंडी अजिबात नव्हती.

पुढे काही वर्षांनी आमच्याच इमारतीतले वरच्या मजल्यावरचे आजोबा गेले. त्यांच्या मुलीने दार वाजवून विचारलं, सगळे पुरुष किल्टमध्ये असणार आहेत, तुमचे मिस्टर येतील का तसे? आणि कबरीत उतरवताना एक दोरी धरतील का? (किल्ट म्हणजे इथल्या पुरुषांचा चौकडीच्या कापडाचा, निऱ्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोशाख.) नवरा पुण्याच्या पेठेतला. लग्नात सोवळंसुद्धा भटजींनी नेसवलेलं. त्या आठवड्यात आम्ही दोघं जे शिकलो ते हे.

बातमी नीट वाचा

आपल्याकडे फोन येतो आणि तासाभरात निघावं लागतं, अंगावर असेल त्या कपड्यांत. इथे मृत्यूची नोंद करायलाच आठ दिवसांची मुदत असते आणि अंत्यविधी आठवड्या-दोन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा होतो. म्हणजे कपड्यांचा विचार करायला वेळ मिळतो. तो केलेला असणार असंही लोक धरून चालतात.

वर्तमानपत्रात, अंडरटेकरच्या (अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणाऱ्याच्या) वेबसाइटवर किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये जी बातमी येते तिची शेवटची ओळ महत्त्वाची. "फॅमिली फ्लॉवर्स ओन्ली" म्हणजे तुम्ही फुलं नेऊ नका. दाराशी एखाद्या संस्थेसाठी देणगीचं ताट असेल, त्यात टाका. "प्रायव्हेट" म्हणजे बोलावलेल्यांनीच यायचं. "ब्राइट कलर्स" किंवा "नो ब्लॅक" लिहिलेलं असेल तर ते शब्दशः घ्या. मग उगीच "तरी पण बरं दिसेल" म्हणून काळं घालून जाऊ नका. गेलेल्या माणसाने आधीच सांगून ठेवलेलं असतं बहुतेक. रंगीत म्हणजे पैठणी नव्हे, एवढं मात्र मीच सांगते. साधी निळी किंवा पिवळी साडी, रंगीत टाय, बस.

काहीच लिहिलेलं नसेल तर काळं किंवा गडद. विचारायचं असेल तर ज्यांच्या घरी माणूस गेलंय त्यांना नको, एखाद्या शेजाऱ्याला किंवा अंडरटेकरच्या ऑफिसला विचारा. ते लोक दिवसभर हेच सांगत असतात.

पुरुषांना सूट पुरतो

किल्टच्या नादात ही गोष्ट विसरली जाते. काळा, करडा किंवा गडद निळा सूट, पांढरा शर्ट, काळा टाय, काळे पॉलिश केलेले बूट. एवढ्यावर तुम्ही कुठल्याही चर्चमध्ये, क्रिमेटोरियममध्ये, बेटावरच्या दफनभूमीत बरोबर दिसाल. टाय नसेल तर सुपरमार्केटमध्ये स्वस्तात काळा टाय मिळतो. ग्लासगोत हिरवा आणि निळा टाय मात्र टाळा. इथे हिरवा म्हणजे सेल्टिक आणि निळा म्हणजे रेंजर्स, आणि मयतीत तुम्ही कुठल्या फुटबॉल क्लबचे हा प्रश्न कुणाच्या मनात यायला नको. कुटुंबाने स्वतःहून क्लबचे रंग घालून या म्हटलं, तर गोष्ट वेगळी.

वरून लांब गडद कोट घ्या. जीन्स, स्पोर्ट्स शूज आणि भडक पफर जॅकेट नको. पुरुषांनी टोपी चर्चमध्ये आणि कबरीपाशी काढायची. आपल्याकडे डोक्याला टॉवेल किंवा टोपी असते, इथे उलटं. शिखांच्या पगडीला अर्थातच कुणी हात लावत नाही.

किल्ट कुणी नेसावा

माझं मत सरळ आहे: बोलावलं तर नेसा, स्वतःचा असेल तर नेसा, नाहीतर सूट घाला. किल्ट नेसायला स्कॉटिश रक्त लागतं असं काही नाही, इथे कुणी तसं मानतही नाही. पण कुणाच्या तरी बाबांना निरोप देण्याचा प्रसंग हा पहिल्यांदा किल्ट "ट्राय" करून फोटो काढण्याचा नव्हे. त्यासाठी लग्नं आहेत, ३० नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यूज डे आहे, कवी रॉबर्ट बर्न्सच्या नावाची जानेवारीतली बर्न्स नाइट आहे.

इथल्या माणसाला किल्ट म्हणजे गंमतीचा पोशाख वाटत नाही, याला इतिहास आहे. पदच्युत स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी झालेलं जॅकोबाइट बंड मोडल्यावर लंडनच्या पार्लमेंटने १७४६ साली कायदा करून हायलँडचा, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागाचा, पोशाख बंद केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं काळं पाणी. बंदी उठली ती १७८२ साली. आज तो पुरुषाचा सर्वांत चांगला कपडा आहे. लग्नात तोच, वडिलांच्या मयतीतही तोच, फक्त वरचा साज बदलतो. तो साज कसा बदलायचा हेच नवख्याला कळत नाही, कारण दुकानातला पुतळा कायम लग्नाला निघालेला असतो.

भाड्याने आणताना

किल्ट भाड्याने देणारी दुकानं ग्लासगो, एडिंबरा, अॅबरडीन, इन्व्हरनेस सगळीकडे आहेत. पूर्ण संच साधारण शंभर पौंडांच्या आसपास पडतो. स्वतःचा लोकरी किल्ट शिवून घ्यायचा तर कित्येकशे पौंड आणि बरेच आठवडे. दुकानात शिरल्याशिरल्या सांगा, "फ्युनरलसाठी हवा." हा एक शब्द आम्ही विसरलो आणि घरी खोकं उघडलं तर आत क्रीम रंगाचे मोजे, बो टाय आणि चांदीची बटणं लावलेलं आखूड जॅकेट. दुकानाने बदलून दिलं, पण नवऱ्याची अर्धी सुट्टी त्यात गेली.

मागायचं ते असं.

जॅकेट आर्गाइल पद्धतीचं, काळं किंवा कोळशासारखं करडं, आणि त्याच कापडाची वेस्टकोट. प्रिन्स चार्ली नावाचं आखूड जॅकेट संध्याकाळच्या समारंभाचं असतं. सकाळी अकराला चर्चमध्ये ते बँडवाल्यासारखं दिसतं. शर्ट साध्या कॉलरचा पांढरा. टाय लांब, काळा. वेस्टकोट असली की मोठ्या बक्कलचा पट्टा लावायचा नाही. तो आला तर खोक्यातच ठेवा.

टार्टन, म्हणजे चौकडीचा नमुना, गडद निवडा. ब्लॅक वॉच हा हिरव्या-निळ्या-काळ्याचा नमुना जवळजवळ कुणीही नेसू शकतं, आणि मयतीला तो शोभतोही. एखाद्या क्लॅनचा, म्हणजे जुन्या स्कॉटिश कुळाचा, नमुना नेसला म्हणून कुणी हाकलणार नाही, पण "तुम्ही कॅम्पबेल का?" असं दहा जण विचारतील, आणि त्या दिवशी आपल्याबद्दल बोलणं व्हायला नको. बालमोरल नावाचा नमुना मात्र राजघराण्याचा राखीव आहे. नमुन्यांची अधिकृत सरकारी नोंदवही २००९ पासून ऑनलाइन आहे. वेळ असेल तर बघा, त्यात तासन् तास जातात.

मोजे, ज्यांना इथे होज म्हणतात, काळे किंवा गडद करडे. पांढरे-क्रीम लग्नाचे. स्पोरन, म्हणजे पुढे लोंबणारी कातडी पिशवी, साध्या काळ्या चामड्याची. केसाळ आणि चकचकीत धातूची नको. बुटांत जीभ नसलेले, घोट्याला लांब नाड्या बांधायचे गिली ब्रोग्ज मिळतात. ते नको असतील तर स्वतःचे साधे काळे बूट चालतात, आणि ओल्या गवतात मला तरी तेच बरे वाटतात.

माप देताना पँटच्या कमरेचा आकडा सांगू नका. किल्ट बेंबीच्या पातळीवर बसतो, तिथला घेर मोजा. मग नितंबांचा सर्वांत रुंद घेर, आणि बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतची लांबी. नवऱ्याने ३४ सांगितलं होतं. टेप निघाली ३८ वर. पुण्याला सासूबाईंना हे फोनवर सांगितलं तेव्हा मयतीची गोष्ट असूनही त्या हसल्या.

घालायचा नाही, नेसायचा

चांगला किल्ट आठ वारांचा असतो, इथेही त्याला "एट यार्ड" असंच म्हणतात. म्हणजे नऊवारीपेक्षा एक वार कमी. पुढे सपाट, मागे सगळ्या निऱ्या. त्या निऱ्या शिवलेल्या असल्या तरी वागायचं लुगड्याशी वागतो तसंच. त्यामुळे आमच्याकडे या कामात नवऱ्यापेक्षा माझी मदत जास्त झाली. मयतीच्या आदल्या रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर तो पालथा घालून, एकेक निरी बोटाने सरळ करत, ओला पंचा वर टाकून इस्त्री फिरवली. लोकरीवर कोरडी इस्त्री नको, कापड चमकतं. नवा शिवून घेतलेला असेल तर निऱ्यांना कच्चे धागे घातलेले असतात. ते उसवून टाका. ते तसेच ठेवून फिरणारे नवरदेव मी पाहिलेत.

आधी मोजे आणि बूट. किल्ट नेसल्यावर वाकून नाड्या बांधणं जमत नाही, आणि बघणाऱ्यालाही ते बघवत नाही. मोजे गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटांवर दुमडायचे. दुमडीतून बाहेर दिसणाऱ्या रंगीत पट्ट्या, म्हणजे फ्लॅशेस, पायाच्या बाहेरच्या बाजूला, आणि शक्यतो काळ्या. गिली ब्रोग्जच्या नाड्यांना समोर दोन-तीन पीळ द्या, घोट्यामागून फिरवून पुढे बांधा. पोटरीपर्यंत चढवू नका.

मग शर्ट. मग किल्ट मागून धरा, निऱ्या पाठीमागे. उजवीकडचा पदर पोटावरून डाव्या कमरेला न्यायचा, त्याचा पट्टा तिथल्या चिरेतून बाहेर काढून बक्कलमध्ये अडकवायचा. मग डावीकडचा पदर वरून उजव्या कमरेला. झालर आणि मोकळी कडा तुमच्या उजव्या हाताला आली पाहिजे. ती डावीकडे आली तर उलटा झाला, सोडा आणि परत करा. पोट आत ओढून आवळू नका, दुपारी जेवायचंही आहे.

आता गुडघे टेकवून सरळ बसवा. खालची कड जमिनीला जेमतेम टेकावी किंवा बोटभर वर राहावी. यापेक्षा खाली आली की किल्ट परकर दिसतो. मी जमिनीवर बसून हे बघत होते आणि नवरा आरशात बघून म्हणाला, "आज्जी असती तर म्हणाली असती, कासोटा कुठाय?"

किल्टची पिन खालच्या उजव्या कोपऱ्यात, आणि फक्त वरच्या पदरातून. दोन्ही पदर एकत्र टाचले की बसताना कापड फाटतं, आणि भाड्याच्या किल्टचं फाटलेलं कापड तुमच्या डिपॉझिटमधून जातं. स्पोरनची साखळी मागच्या दोन लूपांतून घाला. तो वेस्टकोटच्या खाली चार बोटांवर यावा.

आतून काय? हो, तो प्रश्न येतोच. चड्डी घाला. काळी. टेकडीवरच्या दफनभूमीत वारा असतो, आणि भाड्याच्या कपड्याची सभ्यता म्हणूनही.

बसताना दोन्ही हात मागून खाली फिरवून निऱ्या सपाट करा, मग टेका. साडीत बसणाऱ्या बाईला हे सांगायला लागत नाही. पुरुष विसरतात आणि उठल्यावर मागे चुरगळलेली रद्दी. गुडघे जवळ, स्पोरन मांडीत. गाडीत आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे.

मोज्यातली सुरी

संचात एक छोटी सुरी येते, स्कीअन डू. उजवा मोजा, मूठ थोडी वर. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती बाळगायला स्कॉटलंडच्या कायद्यात सूट आहे. तरी मयतीला ती घरी ठेवावी असं माझं म्हणणं. बरेच स्कॉटिश पुरुषही ठेवतात. ज्या गोष्टीने कुणाचं लक्ष वेधलं जाईल ती त्या दिवशी नको. आणि लंडनहून विमानाने येत असाल तर हातातल्या बॅगेत ती चुकूनही टाकू नका.

बायकांसाठी

बायकांनी किल्ट नेसायची पद्धत नाही आणि गरजही नाही. गुडघ्याखाली येणारा काळा किंवा गडद ड्रेस किंवा पँट, जाड काळे टाइट्स, सपाट बंद बूट. टाचांचे बूट ओल्या हिरवळीत रुततात. एक बाई कबरीपाशी तशी उभी राहिलेली पाहिली, पाय उचलला तर बूट जमिनीतच.

साडी नेसायची असेल तर खुशाल नेसा. गडद, साधी, जरीशिवाय. काळी साडी आपल्याकडे संक्रांतीपुरती बाहेर निघते. ती चंद्रकळा इथे कामाला येते, मोठे काठ नसतील तर. आत थर्मल, वरून लांब कोट, कोटाखालून दिसणारा साडीचा घोळ चिखलापासून वर. पांढऱ्या साडीला कुणी हरकत घेणार नाही, पण तुम्हाला दिवसभर तिचं स्पष्टीकरण द्यावं लागेल. मंगळसूत्र, कुंकू काढायचा प्रश्नच नाही. भडक लिपस्टिक आणि खूप वाजणाऱ्या बांगड्या नकोत.

उत्तरेकडच्या लुईस-हॅरिससारख्या बेटांवर, जिथे फ्री चर्च या कडक प्रोटेस्टंट पंथाचं वजन आहे, कपडे आणखी साधे आणि आणखी काळे. तिथे काही बायका अजून चर्चमध्ये टोपी घालतात, आणि कबरीपर्यंत जाण्याची रीत जुन्या काळी पुरुषांचीच. पुरुष दोन रांगा करून आळीपाळीने शवपेटी वाहतात. खांदा देणं बघितलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचं वाटतं.

दोरीचं कार्ड

दफन असेल तर एखाद्याच्या हाती एक छोटं कार्ड येतं. त्यावर पेटीचं चित्र आणि भोवती आकडे, बहुधा आठपर्यंत. १ नंबर डोक्याशी, सर्वांत जवळच्या माणसाचा. तुमच्या आकड्याची दोरी तुम्ही धरायची आणि अंडरटेकर सांगेल तशी हळूहळू सोडत न्यायची. हा मान आहे, आणि तो परक्या देशातल्या शेजाऱ्याला दिला जातो तेव्हा नाही म्हणू नये.

कपड्यांच्या बाजूने बघायचं तर: कोटाची बटणं लावलेली, टाय वेस्टकोटच्या आत, म्हणजे वाकताना पुढे लोंबणार नाही. बुटांचे तळवे गुळगुळीत नसावेत. हातमोजे काढून खिशात. नवऱ्याला ६ नंबर मिळाला होता. पाऊस बारीक, गवत ओलं, कडेला हिरव्या चटया अंथरलेल्या. पाइपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारा, थोडा दूर, झाडाखाली. २९ जानेवारीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये ते वाद्य आयुष्यभर ऐकलं होतं, पण तो आवाज इतक्या जवळून आणि एकट्याचा ऐकल्यावर पोटात काहीतरी हललं. अंडरटेकरने नंबर पुकारले, आठही जण पुढे झाले. आठांतला एक पुण्याचा, ब्लॅक वॉचमध्ये, मोजे अगदी सारख्या उंचीवर. ते मी बघितलं होतं.

नंतरचं जेवण

इथे मयतीनंतर जेवण असतं, ग्लासगोत त्याला पर्व्ही म्हणतात. हॉटेलात किंवा बोलिंग क्लबमध्ये. स्टेक पाय, सॉसेज रोल, सँडविच, चहा, व्हिस्की. मयतीहून आल्यावर आंघोळीशिवाय पाण्याच्या भांड्यालाही न शिवणाऱ्या घरातली मी. पहिल्यांदा दारातच अडखळले. पण बोलावलं असेल तर न जाणं त्यांच्या जिवाला लागतं. त्याच कपड्यांत जायचं, थोडा वेळ बसायचं, गेलेल्या माणसाची एखादी आठवण सांगायची. स्टेक पायमध्ये गोमांस असतं, चालत नसेल तर अंड्याचं सँडविच घ्या. आंघोळ घरी येऊन करा, मीही करते.

आपल्यातलं कुणी इथे गेलं तर उलट बाजूने हाच विचार करा. मेसेजमध्ये एक ओळ घाला: पांढरे किंवा फिके कपडे, चपला-बूट काढावे लागतील की नाही, डोकं झाकायचं की नाही. स्कॉटिश शेजारी त्या ओळीची वाट बघत असतात. तरी कुणी काळ्या सुटात किंवा किल्टमध्ये आलं, तर तो त्यांचा सर्वांत चांगला कपडा आहे हे लक्षात ठेवा.

किल्ट परत करताना बुटांचा चिखल पुसा, मोज्यांना चिकटलेलं गवत काढा, किल्ट धुवायच्या भानगडीत पडू नका, ते दुकान करतं. आणि स्पोरन उलटा करून झटका. आमचं ६ नंबरचं कार्ड त्यातच राहिलं होतं. दुकानातल्या बाईंनी फोन करून बोलावलं, आणि एका स्वच्छ पाकिटात घालून परत दिलं.